मुंबईचा आडवा रस्ता

सातवीच्या वर्गात मी दरवर्षी मुलांकडून एक खेळ खेळवून घेतो. फळ्यावर मुंबई बेटाची कडा तेवढी रेखाटतो. वर माहीम आणि शीव, खाली कुलाबा, डावीकडे अरबी समुद्र, उजवीकडे बंदर. मग मुलांना म्हणतो, "आता तुम्हाला ठाऊक असलेले रस्ते यात भरा." मुले परळ-लालबागची. एकेक जण खडू घेऊन पुढे येतो. कोणी डॉक्टर आंबेडकर रस्ता काढतो, कोणी सेनापती बापट मार्ग, कोणी आगगाडीचे रूळ, तर कोणी समुद्राकडचा नवा किनारी रस्ता. पाच मिनिटांत फळा रेघांनी भरून जातो. पण मौज अशी की, सगळ्या रेघा उभ्या असतात. वरून खाली आणि खालून वर! पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी रेघ काढायला क्वचितच कोणी उठतो.

गेल्या वर्षी एक मुलगा उठला. त्याने शिवडीपासून वरळीपर्यंत एक ठसठशीत आडवी रेघ ओढली आणि हात झाडून म्हणाला, "सर, हा आमच्या डोक्यावरून जाणार आहे." वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी जाताना ती रेघ माझ्या मनातून जाईना. या शहराला उभे रस्ते इतके सहज का मिळाले आणि आडवा रस्ता मिळायला दर वेळी एवढा खटाटोप का करावा लागला? दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावी अशी ही हकीकत आहे, असे मला वाटले. ती थोडी कडूगोड आहे. पण कारेटे फोडून जिभेला लावल्याशिवाय आपली दिवाळी तरी कुठे सुरू होते!

मुंबई मुळात एक बेट नव्हतेच, हे वाचकांना ठाऊक आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी सात बेटे होती. भरतीच्या वेळी वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून समुद्र आत घुसे आणि बेटांमधली सखल जमीन पाण्याखाली जाई. पायधुणी हे नाव त्या पाण्याची आठवण म्हणून राहिले आहे. तिथे माणसे पाय धुऊन पुढे जात, असे सांगतात. त्या काळी पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचे म्हणजे चिखल तुडवायचा किंवा होडीत बसायचे.

ते खिंडार बुजवण्याचे काम विल्यम हॉर्नबी हा गव्हर्नर असताना झाले. १७८४ च्या सुमारास हॉर्नबी व्हेलार्ड हा बांध पुरा झाला. या बांधाची आख्यायिका मुंबईकर हौसेने सांगतात. बांध घातला की ढासळे, पुन्हा घातला की पुन्हा ढासळे. शेवटी रामजी शिवजी नावाच्या प्रभू गृहस्थाला देवीने स्वप्नात येऊन सांगितले की, मी समुद्रात आहे, मला बाहेर काढ. मूर्ती निघाल्या, बांध टिकला आणि महालक्ष्मीचे देऊळ उभे राहिले. आख्यायिका आहे, तिला कागदाचा पुरावा मागू नये. पण तिच्यातून एक गोष्ट कळते. ज्यांनी हातांनी दगड टाकले त्यांना हे काम नुसते इंजिनियरिंगचे वाटले नव्हते. समुद्राची जागा घ्यायची तर समुद्राला काही द्यावे लागते, हे त्यांना ठाऊक होते.

बांधामुळे आतली जमीन सुकली, बेटे एकमेकांना चिकटली आणि मुंबई नावाचे एक लांबोळके बेट तयार झाले. त्याला बाहेर पडायला दोन दारे लागत होती. पहिले दार शीवचे. जोनाथन डंकन हा गव्हर्नर असताना १७९८ मध्ये शीवचा बांधरस्ता सुरू झाला आणि १८०५ मध्ये पुरा झाला. खर्च आला ५०,५७५ रुपये. तिथून वाट ठाण्याकडे आणि पुढे आग्र्याकडे गेली. दुसरे दार माहीमचे. तिथे वांद्र्याला जाण्यासाठी खाडी होडीतून ओलांडावी लागे. सरकार पूल बांधायला पैसे देईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये पदरचे दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा बांधरस्ता खुला झाला. येणाऱ्याजाणाऱ्याकडून जकात घ्यायची नाही, अशी त्या देणगीमागची अट होती. आज दादर-माहीमचा लेडी जमशेटजी रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो. जाणारे-येणारे त्याला 'एलजे रोड' म्हणतात आणि बाईंना विसरतात, ही गोष्ट निराळी.

तर असे हे दोन हमरस्ते. एक पूर्वेच्या अंगाने शीवला गेला, दुसरा पश्चिमेच्या अंगाने माहीमला. दोघेही दक्षिणेतल्या कोटाकडून निघाले, कारण कचेऱ्या, पेढ्या, बंदर आणि सरकार सगळे तिथे होते. माणूस सकाळी खाली जायचा आणि संध्याकाळी वर यायचा. शहराने एकदा ही सवय लावून घेतली ती कायमचीच. ट्रामसुद्धा याच सवयीने धावली. दादरच्या खोदादाद सर्कलला जुनी माणसे अजून 'दादर टीटी' म्हणतात. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम बंद होऊन कित्येक वर्षे लोटली. १९६४ च्या मार्चअखेरीस ती शेवटची धावली. पण ती जिथे थांबे तिथले नाव मात्र अजून थांबूनच आहे.

आणि मग आगगाडी आली. १८५३ च्या एप्रिलची १६ तारीख आपण शाळेत पाठ करतो: बोरीबंदर ते ठाणे. पुढे १८६४ मध्ये दुसरी कंपनी गुजरातेकडून ग्रँट रोडपर्यंत रूळ घेऊन आली. १९१० मध्ये बंदराच्या बाजूने तिसरा फाटा निघाला. या तिन्ही वाटा उभ्याच. आगगाडीने मुंबई घडवली हे खरेच. पण तिने मुंबईचे उभे तुकडे केले, हेही तितकेच खरे आहे. परळच्या माणसाला समोरच्या प्रभादेवीला जायचे झाले तर मध्ये रुळांच्या दोन भिंती. त्या ओलांडायला पूल हवा, आणि पूल म्हणजे सरकारदरबारी अर्ज.

माझे आजोबा गिरणीत साळखात्यात साचेवाले होते. त्यांना मी लहानपणी विचारले होते की, कापड म्हणजे काय? ते म्हणाले, "ताणा उभा, बाणा आडवा. नुसत्या ताण्याला कापड म्हणत नाहीत, त्याला सूत म्हणतात." पुढे मुंबईचा इतिहास वाचताना ते वाक्य मला वरचेवर आठवत राहिले. या शहराला ताणा भरपूर मिळाला. बाण्याची कोणाला घाई नव्हती.

बाण्याची पहिली मोठी आठवण झाली ती एका भयंकर निमित्ताने. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. आकासियो व्हिएगश या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचा पहिला रोगी ओळखला. प्लेग! थोड्याच महिन्यांत लाखो माणसे मुंबई सोडून पळाली. गिरण्यांचे भोंगे वाजत आणि आत जायला माणूस नसे. वाल्देमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस प्रथम स्वतःच्या दंडात टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळला गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात आली. ती वास्तू आज हाफकिन संस्था म्हणून उभी आहे आणि आमच्या शाळेची मुले तिच्या कुंपणाकडेने येतात-जातात.

पण लस ही एका दंडाची गोष्ट झाली. सरकारला वाटले की रोग शहराच्या अंगातच आहे. वारा नाही, ऊन नाही, एका खोलीत दहा माणसे. तेव्हाच्या वैद्यकाचा भर हवेवर होता. उंदीर आणि पिसू यांचा खरा कारभार सर्वांना पटायचा होता. म्हणून १८९८ मध्ये कायदा करून मुंबईत 'सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट' नेमला गेला. ही कल्पना आली ग्लासगोहून. तिथे १८६६ मध्ये असाच ट्रस्ट नेमून दाट वस्तीतून रस्ते काढले होते. त्याच्याही मागे पॅरिसचा आदर्श होता. बॅरन ओस्मान याने सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या आज्ञेने पॅरिसच्या जुन्या गल्ल्या फोडून सरळ, रुंद मार्ग काढले होते. दाट वस्तीवर रुंद रस्ता हे औषध, असा त्या शतकाचा विश्वास होता.

ट्रस्टने नकाशा उलगडला आणि आडवी रेघ ओढली. गिरगाव चौपाटीकडून निघायचे, खेतवाडीच्या अंगाने गोल देवळावरून डोंगरीकडे जायचे. समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, त्याला शहराच्या पोटात शिरायला वाट द्यायची. हा सँढर्स्ट रोड. त्या काळच्या गव्हर्नरचे नाव त्याला मिळाले. आज तो सरदार वल्लभभाई पटेल मार्ग आहे. त्याच हेतूने पश्चिम किनाऱ्यापासून आत जाणारा प्रिन्सेस स्ट्रीट निघाला, तो आजचा शामलदास गांधी मार्ग. विसाव्या शतकाचे पहिले दशक संपेपर्यंत हे दोन्ही रस्ते तयार झाले. दाट वस्ती मुद्दाम कापून पूर्व-पश्चिम काढलेला एवढा रुंद मार्ग मुंबईने त्यापूर्वी पाहिला नव्हता.

रस्ता काढण्याची रीत हिशेबी होती. रस्त्याला लागेल त्याहून रुंद पट्टा कायद्याने ताब्यात घ्यायचा, त्यावरची घरे पाडायची, मधून रस्ता न्यायचा आणि दोन्ही कडांचे भूखंड चढ्या भावाने भाडेपट्ट्यावर द्यायचे. त्यातून खर्च भागवायचा. घरमालकाला भरपाई मिळे. भाडेकरूला हातात गाठोडे मिळे. तो जाणार कुठे? त्याचे काम गोदीत किंवा बाजारात, तिथून लांब जाऊन त्याला परवडणार नव्हते. तो शेजारच्या वाडीत शिरे. तिथे आधीच आठ माणसे असत, ती बारा होत. म्हणजे ज्या गर्दीवर औषध म्हणून रस्ता निघाला ती गर्दी रस्त्याच्या मागच्या गल्लीत जाऊन उभी राहिली. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने पाडलेल्या खोल्या बांधलेल्या खोल्यांहून पुष्कळ अधिक होत्या. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर यांनाही हे उमगले. सरसकट पाडापाडीपेक्षा मोकळ्या जागी वस्ती बसवावी आणि जुन्या घरांना हवा-उजेड मिळेल अशा बेताने थोडे थोडे काढावे, असा विचार त्यांनी मांडला.

मात्र ट्रस्टला नुसती नावे ठेवून भागायचे नाही. रस्ता वाईट नव्हता. गिरगावातल्या वाड्यांना त्यामुळे वाट मिळाली. दादर, माटुंगा, शीव इथल्या शेतांतून आणि माडांच्या वाड्यांतून ट्रस्टने आखलेल्या वसाहती, पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, पाच बागा, आज पाहिल्या तरी डोळे निवतात. आणि आग्रीपाडा, माझगाव, परळ इथे ट्रस्टने मजुरांसाठी चाळीही बांधल्या. परळच्या पोयबावडीच्या अशाच एका चाळीत एक कुटुंब दोन खोल्यांत राहत होते. त्या घरातला मुलगा रात्री दिव्याखाली अभ्यास करी आणि घरातली माणसे त्याला वाचायला जागा मिळावी म्हणून आपापले अंग आखडून घेत. पुढे तो कोलंबियाला गेला, लंडनला गेला, बॅरिस्टर होऊन परत आला आणि पुष्कळ वर्षे पुन्हा त्याच चाळीत राहिला. १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधून होईपर्यंत त्याचा मुक्काम तिथेच होता.

त्याच ट्रस्टच्या दादर-माटुंगा आखणीतल्या रुंद रस्त्याला व्हिन्सेंट रोड हे एका पोलीस कमिशनरचे नाव दिले होते. आज भायखळ्याकडून शीवकडे जाणाऱ्या त्या साऱ्या मार्गाला चाळीतल्या त्या भाडेकरूचे नाव आहे: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. ज्यांनी नकाशा काढला त्यांची नावे दप्तरात राहिली. ज्याने दोन खोल्यांत अभ्यास केला त्याचे नाव रस्त्यावर आले. वर्गात हे सांगताना मी घटकाभर थांबतो. मुले खिडकीबाहेर त्या रस्त्याकडे पाहतात.

आता आमच्या पुलाकडे येऊ. परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही दोन स्टेशने दोन निरनिराळ्या रेल्वेंची, पण एकमेकांना अगदी चिकटून. दोन्हींच्या रुळांवरून जाणारा एल्फिन्स्टनचा पूल शंभरी ओलांडलेला होता. दादरला १९२५ चा टिळक पूल, इकडे हा, खाली करी रोडचा आणि लोअर परळचा. गिरणगावचा बाणा म्हणजे हे मोजके चार धागे. पाळी सुटली की माणसांचा लोंढा या पुलांवरून वाहायचा. कोणी प्रभादेवीहून परळच्या गिरणीत, कोणी परळहून पलीकडच्या गिरणीत. मंगळवारी याच पुलावरून माणसे अनवाणी सिद्धिविनायकाला जायची. कोकणातून, घाटावरून आलेली माणसे आजाऱ्याला धरून याच पुलावरून केईएमला नाहीतर टाटा इस्पितळाला चालत जायची. केईएम १९२६ चे, टाटा १९४१ चे. साऱ्या महाराष्ट्राच्या दुखण्याची वाट या आडव्या पुलावरून गेली आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आणि एक दिवस असा आला की हा पूल साऱ्या महाराष्ट्राचा झाला. १९५६ च्या डिसेंबरची ७ तारीख. बाबासाहेबांची अंत्ययात्रा राजगृहाहून निघाली. व्हिन्सेंट रोडने पोयबावडीला आली, जिथे ते तरुणपणी राहिले होते. तिथून एल्फिन्स्टनच्या पुलावर चढली आणि सयानी रोड, गोखले रोड असे करीत दादरच्या चौपाटीला पोहोचली. आमच्या आजीने ती पाहिली होती. ती सांगे, "पूल दिसतच नव्हता रे. नुसती डोकी. पुलाला पाय फुटून तोच चाललाय असं वाटत होतं."

पुढे १९८२ चा संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळ जण परत आत गेलेच नाहीत. गिरण्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या आल्या. ज्या स्टेशनवर पूर्वी डबेवाले आणि पाळीचे कामगार उतरत तिथे आता हजारो कारकून, संगणकावर काम करणारी पोरे-पोरी उतरू लागली. स्टेशने तीच, जिने तेच. २०१७ च्या सप्टेंबरची २९ तारीख, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी पावसाची सर आली, माणसे जिन्यावर थांबली, मागून गाड्यांची गर्दी येत राहिली आणि त्या अरुंद पादचारी पुलावर २३ माणसे चेंगरून गेली. घरी आणायची झेंडूची फुले पायऱ्यांवर पडली होती. मग लष्कराला बोलावून नवा पादचारी पूल बांधावा लागला. तो २०१८ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. त्याच वर्षी स्टेशनाचे नाव प्रभादेवी झाले. आडव्या वाटेची हेळसांड केली तर काय होते, ते आम्ही त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

इकडे उभ्या रस्त्यांची चैन चालूच होती. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला. २०१३ मध्ये बंदराच्या बाजूने पूर्व मुक्तमार्ग खुला झाला. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून थेट न्हावा-शेव्याकडे समुद्रावरून जाणारा अटल सेतू सुरू झाला. लांबी जवळजवळ २२ किलोमीटर, त्यातले साडेसोळा पाण्यावर. त्याच वर्षी मार्चपासून किनारी रस्ता टप्प्याटप्प्याने उघडू लागला. हे सारे रस्ते मुंबईच्या दोन्ही कडांना. पूर्वेला एक जरीकाठ, पश्चिमेला एक जरीकाठ. मधले लुगडे मात्र विरलेले! अटल सेतूवरून झपाट्याने आलेली मोटार शिवडीला उतरे आणि तिला वरळीला जायचे असेल तर परळच्या जुन्या गल्लीतून, त्या शंभर वर्षांच्या पुलावरून, फेरीवाले आणि इस्पितळाच्या रांगा चुकवीत जावे लागे.

म्हणून शिवडी-वरळी उन्नत जोडरस्ता. लांबी सुमारे साडेचार किलोमीटर, मार्गिका चार. पूर्वेच्या टोकाला शिवडीचा जुना किल्ला, पश्चिमेला वरळीलाही किल्ला. ज्या दोन बेटांमध्ये एके काळी भरतीचे पाणी खेळे, त्यांना जोडणारी ही सर्वांत नवी रेघ आचार्य दोंदे मार्गावरून परळला येते, आंबेडकर रस्ता ओलांडते आणि रुळांवरून प्रभादेवीला जाते. तिच्यासाठी एल्फिन्स्टनचा पूल २०२५ च्या १२ सप्टेंबरला रात्री वाहनांसाठी बंद झाला आणि पाडायला घेतला गेला. त्याच्या जागी दोन मजली पूल आखला आहे. खालच्या मजल्यावरून परळ-प्रभादेवीची नेहमीची ये-जा, वरच्या मजल्यावरून सेतू ते सेतू जाणारी वाहने.

या दुसऱ्या मजल्याची कथा सांगण्यासारखी आहे. पहिल्या आराखड्यात पुलाच्या आसपासच्या १९ इमारतींवर संकट होते. रहिवासी उभे राहिले. सभा झाल्या, निवेदने गेली, पूल बंद करण्याच्या तारखा पुढे गेल्या. शेवटी आराखडा बदलून दुमजली झाला आणि पाडायच्या इमारती उरल्या दोन. त्यांतली ८३ कुटुंबे. त्यांना म्हाडाची घरे द्यायचे ठरले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खेतवाडीतल्या भाडेकरूला गाठोडे मिळाले होते. आज परळच्या भाडेकरूला निदान वाटाघाटीला बसायला खुर्ची मिळाली. इतिहास शिकवणाऱ्याला एवढा फरकसुद्धा लहान वाटत नाही. तो आपोआप पडलेला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, गिरणी कामगारांच्या संपांत, चाळीच्या चौकातल्या सभांत जी माणसे घसा कोरडा करीत राहिली त्यांनी तो पाडून घेतलेला आहे.

तरीही पूल बंद झाला त्या आठवड्यात मी जे पाहिले ते सांगितले पाहिजे. आमच्या चाळीतले एक वृद्ध गृहस्थ नातवाचा हात धरून पुलाच्या तोंडाशी उभे होते. समोर पत्रे ठोकलेले. त्यांना प्रभादेवीला बहिणीकडे जायचे होते. रिक्षा इकडे येत नाही, टॅक्सीवाला टिळक पुलाचा वळसा सांगत होता. ते मला म्हणाले, "मास्तर, बहीण समोर दिसतेय. तिच्या खिडकीतली पणतीसुद्धा दिसेल दिवाळीत. पण जायचं म्हणजे दादरला जाऊन यायचं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी आयुष्यभर या पुलावरून भाऊबीज नेली-आणली होती. त्या वर्षी ती दादरमार्गे गेली, इतकेच.

मला वाटते, आडव्या रस्त्याची खरी कसोटी या गृहस्थांपाशी आहे. अटल सेतूवर दुचाकीला मज्जाव, सागरी सेतूवर मज्जाव, पायी चालणाऱ्याचा तर प्रश्नच नाही. अटल सेतू सुरू झाला तेव्हा मोटारीला एका खेपेचे २५० रुपये पडत. लेडी अवाबाईंनी माहीमच्या बांधाला पैसे देताना घातलेली अट इथे आठवते. त्या काळचा पूल बैलगाडीवाल्यासाठीही होता आणि कोळणीच्या पाटीसाठीही. वरचा मजला परळकरांच्या फारसा उपयोगाचा नसेल, नसो. सगळ्याच गोष्टी आपल्या उपयोगाच्या असाव्यात असा हट्ट शहरात राहणाऱ्याने धरू नये. नव्या मुंबईचा रोगी टाटा इस्पितळाच्या दिशेने लवकर पोहोचला, तर त्या वरच्या मजल्याने पुण्यच जोडले. पण खालचा मजला मात्र नीट हवा. त्याला पायी चालायला रुंद कडा हवी, जिन्याला कठडा हवा, पावसात उभे राहायला छप्पर हवे. २०१७ च्या त्या सकाळी नेमके तेवढेच नव्हते.

आणि अजून एक आडवी रेघ येऊ घातली आहे. बंदराकडच्या ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत जमिनीखालून जोडभुयार आखले गेले आहे. पूर्वेचा मुक्तमार्ग आणि पश्चिमेचा किनारी रस्ता ते जोडणार. सँढर्स्ट रोड ज्या भागातून वारा न्यायला काढला होता त्याच भागाच्या पोटातून हे जायचे. पूर्वी गिरगावाची घरे पाडून रस्ता गेला, परळला घरांच्या डोक्यावरून, आणि आता गिरगावात पायाखालून. मुंबईला आडवे जाण्याची अक्कल हळूहळू येते आहे, असेच म्हणायचे!

यंदा दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मी तोच खेळ पुन्हा खेळवला. या वेळी आडव्या रेघा काढायला चार-पाच मुले उठली. एकाने व्हेलार्ड काढला, एकीने टिळक पूल, एकाने सँढर्स्ट रोड. शिवडी-वरळीची रेघ काढणारा गेल्या वर्षीचा मुलगा आता आठवीत गेला आहे. मधल्या सुट्टीत तो दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "सर, मी एक विसरलो होतो." आत आला, खडू उचलला आणि मुलांनी काढलेल्या जाड रेघेच्या खाली, अगदी तिला लागून, दुसरी बारीक रेघ काढली.

"ही काय?" मी विचारले.

"खालचा मजला," तो म्हणाला. "आम्ही यावरून जाणार."

घंटा झाली. फळा पुसायची पाळी ज्याची होती तो पुढे आला. मी त्याला म्हटले, "राहू दे आज." सुट्टी संपेपर्यंत ती रेघ फळ्यावर राहील. मग नवा वर्ग येईल आणि पुन्हा पहिल्यापासून काढील.